चार बोटं जास्त

दस्तगीरचाचा गाडीचं दार कानांनी तपासतात. खरंच! दार लावायचं, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची. 'खडाड' वाजलं की तोंड कडू. "ह्यो तर पत्र्याचा डबा हाय!" 'धप्प' वाजलं तरच चहा. एकदा एक साहेब नवीकोरी गाडी दाखवायला आले, चाचांनी तिचं दार लावून बघितलं आणि म्हणाले, "पावणं, फसवलं की तुमास्नी!"

आमच्या पप्पांना जुन्या मोटारींचं भलतं वेड. कागलजवळच्या एका मळ्यात त्यांना सत्तर वर्षांची गाडी सापडली. चारातलं एकच दार शिल्लक, तेही कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेलं! बाकीची तीन कुठंच मिळेनात. शेवटी नमुना म्हणून ते एक दार उचलून चाचांच्या शेडवर नेलं. चाचांनी त्यावरून हात फिरवला. "कोंबड्यांनी जपलं, माणसांनी न्हाय," म्हणाले आणि हातोडी घेतली.

पुढचे सहा महिने ते पत्र्याशी बोलत होते, आमच्याशी कमी. "ये की सोन्या, जरा वाक. आणि थोडं." पप्पांनी घाई केली की, "मालक, घाई केली की पत्रा रुसतो. मग तुम्ही काढा समजूत!"

दारं झाली मात्र एक नंबर! जुनं कुठलं, नवं कुठलं, सांगून दाखवा. आता या जुन्या गाड्यांत दार किती उघडायचं ते एक चामड्याचा पट्टा ठरवतो. तो चाचांनी चपला करणाऱ्या दोस्ताकडून शिवून घेतलेला, वर वेणी घालून. गाडीत कोल्हापुरी! मी तर उड्याच मारल्या.

पण शनिवारी पप्पांनी मोजलं. मागच्या डाव्या दाराचा पट्टा चार बोटं जास्त. दार भसकन उघडायचं. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, परीक्षक बारीकसारीक तपासणार, आणि पप्पांना पहिला नंबर पाहिजेच होता.

"चाचा, चुकलं. कापा."

"चुकलं न्हाय. सोमवारी कापतो."

"प्रदर्शन उद्या आहे!"

"व्हय, ठाऊक हाय."

पप्पा असे तापले की मी मध्येच घुसले. तर चाचा शांतपणे म्हणाले, "मालक, आधी ट्रायल घ्या. चालवा तुम्ही, मी सांगतो वाट."

दोन गल्ल्या, एक बोळ, आणि गाडी चाचांच्याच घरापुढं थांबली. उंबऱ्याशी खुर्चीवर चाची बसलेल्या. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षं वाकतच नाही, हे मला तेव्हा कळलं. रिक्षात पाय मावत नाही, कारमध्ये नाही, म्हणून घराबाहेर कुठंच नाही.

चाचांनी मागचं डावं दार उघडलं. पार उघडलं. चाची आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग सरळच्या सरळ पाय हळूच आत घेतला. मावला!

"बसलीस नव्हं?" चाचा ओरडले.

"बसले की! गल्लीला कशाला सांगताय?"

चाची सीटवर हात फिरवत बसल्या. मग पप्पांना हळूच विचारलं, "का ओ, मलकापूर लांब हाय का ह्या गाडीनं? बहीण असती माझी तिथं. ती बी हलत न्हाय, मी बी हलत न्हाय."

चाचा एकदम खाली बघायला लागले. "गप की. मालकांचं प्रदर्शन हाय उद्या. एक चक्कर मारली की आजच पट्टा कापतो." आणि बाहेर लोंबणारा पदर उचलून, घडी घालून त्यांनी चाचींच्या मांडीवर ठेवला. इतक्या हळू, की हेच का ते हातोडीवाले हात, असं वाटलं.

पप्पा स्टेअरिंग सोडून मागं वळले.

"चाची," ते म्हणाले, "उद्या सकाळी सातला तयार राहा. आणि बहिणीला फोन करून सांगा, जेवायला चौघं आहोत."