वाचण्याचं कारण सविस्तर लिहा

"ब्लॉग म्हणजे काय मोठं! तीस वर्षं अख्खी इमारत सांभाळली, एक ब्लॉग नाही सांभाळता येणार?" असं म्हणून वॉचमनकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. निवृत्त होऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते.

काकांना अक्षरओळख झाली ती पंचेचाळिशीत, फाटकावरच्या रजिस्टरमधली लोकांची नावं वाचता वाचता. त्यामुळे लिहिणं म्हणजे त्यांना काहीतरी जोखमीचं, सहीशिक्क्याचं काम वाटे. आता त्यांनी स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. चांगली अकरा पानं! आणि ती लोकांनी वाचावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

सूनबाईने आधी एक फुकटचा ब्लॉग उघडून दिला. काकांनी दोन ओळी टाकल्या, तर मधोमध गुडघेदुखीच्या तेलाची बाटली येऊन उभी!

"ही कोणी आणून ठेवली?"

"जाहिरात आहे बाबा. जागा त्यांची आहे ना."

"म्हणजे इथेही मी दुसऱ्याच्याच दारात बसणार? नको! मला माझं घर हवं. लहान चालेल, पण पाटी माझी."

सूनबाईने रविवारचा अख्खा दिवस शोधाशोध करून एक साधी सोय काढली. स्वतःचा पत्ता, पांढरं स्वच्छ पान. जाहिराती नाहीत, लाइकचे अंगठे नाहीत, बदाम नाहीत. "इथे तुम्हीच मालक. काय लिहायचं, कोणाला वाचू द्यायचं, सगळं तुमच्या हातात," एवढं सांगून सोमवारी ती कामावर गेली.

'कोणाला वाचू द्यायचं' हे शब्द काकांच्या डोक्यात जाऊन बसले. त्यांनी खुडबुड केली आणि त्यांना हवं ते सापडलं. वाचायला येणाऱ्याने आधी परवानगी मागायची! प्रश्नसुद्धा आपणच ठरवायचे! काकांना आपलं हरवलेलं फाटक परत मिळाल्यासारखं झालं. त्यांनी भराभर रकाने पाडले: नाव, कुठून आलात, काम काय, येण्याची वेळ, जाण्याची वेळ.

मग इमारतीच्या ग्रुपवर त्यांनी झोकात निरोप टाकला: 'तीस वर्षं फाटकावर बसून जे पाहिलं, ते सगळं लिहिलं आहे. पत्ता खाली दिला आहे.'

पत्त्यावर गेलं, तर कुलूप!

इमारतीत मुंग्यांच्या वारुळावर पाणी ओतावं तशी धावपळ उडाली. कोण कधी आलं, कोणाबरोबर आलं, हातात काय होतं, हे सगळं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्याने ते लिहून वर कुलूप लावलं होतं!

पहिला अर्ज आला दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. काम: 'खासगी'. काकांनी तो परत पाठवला: 'खासगी म्हणजे काय? सविस्तर लिहा.' डॉक्टरांच्या कपाळाला घाम! अर्ध्या तासात ते स्वतःच दारात हजर.

"काका, ते चॉकलेटचं... म्हणजे मी जिन्यात रोज खातो ते... पेशंटांना कळलं तर दवाखाना बंद होईल हो!"

"तुम्ही चॉकलेट खाता?" काकांचे डोळे विस्फारले.

डॉक्टरांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

मग आले सोसायटीचे सेक्रेटरी. एरवी "ए वॉचमन!" अशी हाक मारणारा माणूस आज चपला बाहेर काढून आत आला. "काका, त्या कुंड्या माझ्याच गाडीने फुटल्या. शाळेच्या बसचं नाव मी उगाच घेतलं. आता लिहिलंच असेल तर जरा सौम्य करा."

"आधी अर्ज भरा," काका म्हणाले. माणसाला ताटकळत ठेवण्यातली मजा त्यांना साठाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होती!

अर्ज काकूंनीही केला होता. नाव: तुमची बायको. काम: चहा गार होतोय. काकांनी तो नामंजूर केला. जाण्याची वेळ भरली नव्हती!

"अहो, मी इथेच राहते!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

संध्याकाळी सूनबाई परतली तेव्हा दाराबाहेर आठ जोड चपला होत्या. तिने कपाळाला हात लावला. "बाबा, सत्तावन्न अर्ज आणि वाचक शून्य? लोकांनी वाचावं म्हणून लिहिलंत ना?"

काका वरमले. सूनबाईने एक बटण दाबलं आणि फाटक सताड उघडलं.

सगळी इमारत आत घुसली. जो तो वरून खाली आपलं नाव शोधत सुटला. पण त्या अकरा पानांत माणूसच नव्हता! फाटकासमोरच्या भिंतीला पडलेली एक भेग केसाएवढी होती, ती तीस वर्षांत बोटाएवढी कशी झाली आणि तिच्यातून एक रोपटं कसं उगवलं, एवढंच काकांनी जीव ओतून लिहिलं होतं.

पाच मिनिटांत सगळे बाहेर. सुटकेचे सुस्कारे जिन्याजिन्यावर ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी पुन्हा दारात. चेहरा पडलेला.

"तीस वर्षं, काका! आणि माझ्यावर एक ओळ नाही? निदान कुंड्यांचं तरी लिहायचंत! डॉक्टरही नाराज आहेत."

"ते राहू द्या. भेगेचं कसं वाटलं?" काकांनी आशेने विचारलं.

"कसली भेग?"

सेक्रेटरी गेल्यावर काकांनी आपला ब्लॉग पुन्हा उघडला. सूनबाईला राहवलं नाही. "बाबा, कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं असेलच की!"

"एकाने वाचलंय."

"बघा! कोणी?"

"मीच," काका म्हणाले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "पण मधली चार पानं मीही गाळतो. फारच लांबलंय गं ते!"