तीनशेने भागलेलं घर

"बाबा, एका माणसाला लागतं तरी किती हो?" असं म्हणत त्याने जेवणाच्या टेबलावर आपलं अंदाजपत्रक पसरलं, तेव्हा आई डोळे पुसत होती आणि बाबा चष्मा. "मीठ माणशी चिमूटभर. तेल माणशी चार चमचे. भांड्यांचा साबण तर माणशी इतका कमी पडतो की दिसतसुद्धा नाही!"

हा गृहस्थ एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडारपाल होता. तिथे रोज तीनशे माणसांचं जेवण व्हायचं आणि त्यासाठी लागणारा प्रत्येक जिन्नस याच्या हातून जायचा. कोठारात पाऊल टाकलं की तोंडात एकच शब्द. बटाटे माणशी किती, साखर माणशी किती. शेवटी आचाऱ्यांनी त्याचं नावच 'माणशी' ठेवून टाकलं. आता असा माणूस एकटा राहायचं ठरवल्यावर खर्चाचा अंदाज कसा काढणार? त्याने स्वयंपाकघराचा महिन्याचा खर्च घेतला आणि सरळ तीनशेने भागला. आकडा इतका लहान आला की स्वारी एकदम खूश.

घरी त्याला त्रास होता असं नाही. पण तो आंघोळीला गेला की आई दाराबाहेरून विचारणार, "साबण आहे का रे?" पुस्तक उघडलं की बाबा रेडिओ लावणार. एकोणतीस वर्षं हे झाल्यावर त्याला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी होती. जास्त काही नको, फक्त कडी.

बाबांचं सगळं आयुष्य किराणा दुकानाच्या गल्ल्यावर गेलं होतं. त्यांनी अंदाजपत्रक वाचलं आणि शांतपणे विचारलं, "झाडू किती धरलास?"

"माणशी दोन काड्या."

"बरं," बाबा म्हणाले. "महिनाभर राहून बघ. पण घरून पैसे घेतलेस की त्याच दिवशी बाडबिस्तरा उचलायचा आणि परत यायचं. कबूल?"

"कबूल! त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, घरमालकीण काकूंना भाडं दिलं, आतून कडी लावून तो दहा मिनिटं नुसता कडीकडे बघत बसला. मग झाडू आणायला गेला. दुकानदाराने अख्खा झाडू पुढे केला. दोन काड्या काही सुट्या मिळेनात. बादली अख्खी, दिवा अख्खा, शेगडी अख्खी. रुग्णालयात एका पातेल्यावर पन्नास माणसं जेवायची. इथे पातेलं एक, माणूसही एक, आणि पातेल्याची किंमत सगळी त्याच्याच माथी. दहाव्या दिवशी खिशात खडखडाट व्हायची वेळ आली. दुपारचं जेवण कामावर निभायचं, पण रात्रीचं काय? आईला एक फोन केला असता तर ती पर्स घेऊन धावत आली असती. पण मग कडी गेली!

"किरकोळ घेतो म्हणून बुडतो आपण," त्याने स्वतःला समजावलं आणि रुग्णालयाला माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेला.

"या माणशीसाहेब! किती पोती पाठवू?"

"मला घरी हवाय माल. कांदे काय भाव?"

"पडलेत सध्या. या पैशात बाजारात निम्मेच मिळतील. पण पोतं घ्यावं लागेल. घरी माणसं किती?"

"एक."

व्यापाऱ्याने त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. पण माणशीच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. किलोमागे एवढी बचत, म्हणजे पन्नास किलोमागे केवढी! त्या एका पोत्यात त्याने जेवढे पैसे वाचवले, तेवढे त्याच्या खिशात कधी नव्हतेच. उरलेसुरले सगळे पैसे देऊन तो पोतं घेऊन निघाला.

टेम्पोवाल्याने पोतं जिन्याशी टाकलं आणि तो गेला. तीन मजले आणि एकटा भांडारपाल. कोठारात पोती उचलायला हमाल असत, हे त्याला आत्ता आठवलं. पोतं ओढत, ढकलत, मध्येच त्याच्यावर बसून दम खात तो कसाबसा शेवटच्या वळणापर्यंत पोचला. तिथे कठड्याच्या खिळ्यात पोतं अडकलं. त्याने जोर लावला आणि पोतं टर्रकन फाटलं.

मग काय विचारता! कांदे सुटले. दडादड, दडादड पायऱ्या उतरत निघाले. दुसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाईंचं दार उघडं होतं, काही तिथे आत शिरले. काही शिंप्याच्या मशीनखाली गेले. बाकीचे थेट तळमजल्यावर, काकूंच्या उंबऱ्याशी. सगळी बिल्डिंग जिन्यात आली.

"अहो, कुणाचे हे कांदे?"

"माझेच," तो वरून ओशाळून म्हणाला.

"लग्नबिग्न आहे का घरात?" शिंप्याने विचारलं.

"नाही हो. महिन्याचे आहेत."

लोक पदरातून, टोपलीतून कांदे घेऊन वर यायला लागले. खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "असू द्या हो, ठेवून घ्या! तेवढीच मला मदत."

लोकांना वाटलं, काय दिलदार माणूस! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू झाकलेली वाटी घेऊन दारात हजर. "तुझ्याच कांद्यांची भाजी आहे. एकटा जीव, खाऊन घे." पाठोपाठ बाई आल्या, मग शिंप्याची बायको. भाजी चांगली झाली होती, तो पोटभर जेवला. पण रिकामी वाटी परत कशी द्यायची? त्याने वाट्यांत कांदे भरून दिले. कांदे मिळाल्यावर बायकांनी पुन्हा भाजी पाठवली. आठ दिवस हे चक्र चाललं. त्याची शेगडी पेटलीच नाही आणि कडी काही लागली नाही, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी टकटक करायचं.

"काय भावाने आणलेस रे?" काकूंनी एकदा विचारलं. त्याने सांगितला. काकू मटकन खुर्चीत बसल्या. "आणि मी मेली कोपऱ्यावरून दुपटीने आणते! तेल मिळेल का असं? साबण?"

"मिळेल, पण डबा घ्यावा लागतो. खोकं घ्यावं लागतं." एवढं बोलून तो थबकला. "काकू, बिल्डिंगमध्ये माणसं किती?"

"तान्ही धरून चौतीस."

चौतीस! त्याचे डोळे चमकले. बिचारा इतके दिवस भागाकार घेऊन फिरत होता, आज भागायला माणसं सापडली. रविवारी त्याच व्यापाऱ्याकडून उधारीवर तेलाचे डबे, साबणाची खोकी, तांदळाचं पोतं आलं. शिंप्याने आणि त्याच्या भावांनी ते वर चढवलं. माणशीने जिन्यात तराजू मांडला. प्रत्येकाने आपापला वाटा उचलला आणि पैसे दिले. त्याच्या वाट्याला आलेला खर्च अंदाजपत्रकाच्या इतका जवळ होता की त्याला भरून आलं. पुढचा पगार होईपर्यंत घरी फोन करायची वेळ आली नाही.

महिना संपला त्या रविवारी आई-बाबा आले. जिन्यात ही रांग. पिशव्या, बाटल्या, पोरंबाळं, आणि वर तराजूपाशी त्यांचा चिरंजीव ओरडतोय, "बाई, तांदूळ तीन माणसांचे ना? शिंपीदादा, धक्काबुक्की नको!"

बाबा रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी पिशवी आणि नोटा पुढे केल्या. "दोन माणसांचं तेल."

त्याने सवयीने नोटा मोजल्या, डब्यात टाकल्या, माप उचललं आणि मग वर पाहिलं.

"घरून पैसे घेतलेस," बाबा म्हणाले. "उचल बाडबिस्तरा."

"बाबा! हे काय हो?" त्याचा आवाज रडवेला झाला. इतकी मेहनत, इतके कांदे, आणि शेवटी हे!

पण काकूच पुढे सरसावल्या. "असा कसा नेता हो त्याला? आमच्या चौतीस माणसांनी काय करायचं? सोडणार नाही आम्ही!" मागून शिंपी ओरडला, "मुळीच नाही!" बाई तर रांग सोडून वर आल्या आणि बाबांना विद्यार्थ्यासारखं झापायला लागल्या. बाबा हसू दाबत खाली बघत होते. त्यांना त्याला न्यायचं नव्हतंच. घर रिकामं झाल्यापासून त्यांचा रेडिओ बंद होता, हे फक्त आईला ठाऊक होतं.

"एवढाच मुलाचा लळा असेल," काकू आईला म्हणाल्या, "तर तुम्हीच या की इथे. याच्या शेजारची खोली एक तारखेपासून रिकामी होतेय."

"अय्या, खरंच?" आईचा चेहरा उजळला. "पण भाडं झेपायला हवं. किती आहे हो?"

काकूंनी आकडा सांगितला. आईने विचारात पडून मुलाकडे पाहिलं. आणि हा भला माणूस, हातात तेलाचं माप तसंच धरून, क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "दोघांत म्हणजे माणशी फारच स्वस्त पडेल, आई."

मग त्याने जीभ चावली. पण तोवर बाबा शेजारची खोली बघायला वर निघाले होते, आणि रेडिओ कुठल्या भिंतीला ठेवायचा ते काकूंना विचारत होते.