एका वर्गात दोन डिस्क

ताडकळसचे सोनवणे गुरुजी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कोट घालतात. मे महिन्यातसुद्धा. मशीनसमोर माणूस ढिला बसला की मशीनही ढिलं वागतं, असं त्यांचं मत. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी पंखा लावतानाही ते त्याला 'शिस्तीत फिर' असं बजावतात.

मी त्यांचा जुना विद्यार्थी, आता परभणीत क्लार्क. ऑफिसात मला कॉम्प्युटरमधला जाणकार मानतात, कारण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढतो. एकदा बाजारात गुरुजींची गाठ पडली. कॉम्प्युटर लय हळू चालायलाय म्हणाले. मी ऐटीत सांगितलं, नवी डिस्क टाकू, जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवू, विंडोजसकट. अर्ध्या तासाचं काम. आणि सुट्टीच्या दिवशी नवी डिस्क घेऊन त्यांच्या घरी हजर झालो.

गुरुजींच्या कॉम्प्युटरमध्ये मोलाची अशी एकच फाईल. चौतीस वर्षांत शिकवलेल्या प्रत्येक पोराचं नाव आणि पुढे त्याचं काय झालं, याची नोंद. दुसरी प्रत कुठेच नाही.

नक्कल झाली. मशीन सुरू केलं, तर स्क्रीन कोरी. फाईल नाही, फोल्डर नाही, आणि तुम्ही तात्पुरत्या खात्यात आहात अशी सूचना. कोट गुरुजींच्या अंगात, घाम मात्र मला फुटला. जुन्या डिस्कवरचं मीच काही पुसलं की काय, तेही कळेना. दोन तास दिसेल ते बटण दाबत मी 'होतंय, होतंय' म्हणत राहिलो. शेवटी गुरुजींनी विचारलं, जुनी डिस्क कुठाय? म्हटलं, आतच आहे, नवीच्या शेजारी.

"एकाच नावाची दोन पोरं वर्गात बसवली की दोघंबी ओ देतेत, बाबा. एकाला भाईर उभं कर की."

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण जाणकाराला साधं काही सुचत नाही. नक्कल पुन्हा केली, जुनी डिस्क काढून ठेवली आणि मगच मशीन सुरू केलं. फाईल जागेवर होती.

गुरुजी खुर्ची ओढून एकेक नाव तपासायला लागले. कुणी सेलूला शिंपीकाम करतो, पोरगी डॉक्टर झाली. कुणाचं वालूरला दुकान, गुडघा दुखतो, विचारणे. मग माझं नाव आलं. गुरुजींनी घाईने पान सरकवलं, पण मी वाचलं होतं.

'फोन उचलत नाही. कामात असेल. दर रविवारी लावणे.'

कामात कसला! रविवारी तो नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवतो. एकट्या माणसाचं बोलणं लांबतं, म्हणून. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर गुरुजी माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"आज ऐतवारच हाय. आजचा फोन झाला म्हणायचा."