वळखा, पान्यात काय हाय

आमच्या कंपनीच्या गाडीत एक वेळ पास नसला तरी चालायचं, पण पेलाभर पाणी प्यायल्याशिवाय भिकाआप्पा बूड टेकू द्यायचे नाहीत. दौंडहून रांजणगावला जाणारी ती बस. भिकाआप्पा ड्रायव्हर, आणि त्यांच्या सीटच्या मागं एका जुन्या टायरात बसवलेला माठ. टायर अशासाठी, की गाडी खड्ड्यात आदळली तरी माठ जागचा हलू नये. माणसं हलली तर हलली. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं आणि झाकणावर उपडा घातलेला स्टीलचा पेला. पायरीवर पाय पडला की आप्पा आरशात बघून म्हणायचे, "पानी पिलं का? प्या. आन् वळखा, पान्यात काय हाय."

कारण आप्पांच्या माठात नुसतं पाणी कधी नसायचंच. सोमवारी वाळा, मंगळवारी तुळस, कधी लिंबाची साल, कधी बडीशेपेची पुरचुंडी. एकदा काकडीच्या चकत्या घातल्या होत्या, तेव्हा सगळ्या गाडीनं कोशिंबीर प्यायली. एकदा मातीचा वास यावा म्हणून चुलीत तापवलेला विटेचा तुकडा टाकला. वास आला, पण पाटसच्या एका फिटरच्या दाताखाली खडा आला, आणि तो रांजणगाव येईस्तोवर गाल धरून बसला. आप्पांना त्याचं काही नाही. त्यांनी आरशातून एवढंच विचारलं, "पर चव कशी व्हती?"

ही साधारण दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा पॅकिंगला होते. दौंडहून सकाळी सातला निघायचं, पाटस, चौफुला, केडगाव करत माणसं घ्यायची, पारगावला भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्यावरून रांजणगाव गाठायचं. मी तोंडाची पहिल्यापासून फटकळ. जे पोटात ते ओठात, आणि त्यावर आणखी दोन शब्द पदरचे. म्हणून आप्पा मला वकिलीणबाई म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

आप्पांचं वय पन्नाशीच्या पुढं, मिशी पांढरी, खाकी शर्टाची कॉलर घामानं कडक झालेली. आयुष्य गाडीच्या बॉनेटपाशी गेलेलं, त्यामुळं त्यांचं सगळं वैद्यक इंजिनातून आलेलं होतं. कुणी म्हटलं डोकं दुखतंय, की आप्पा म्हणायचे, "रेडेटर कोरडा हाय तुमचा. पानी प्या." पोट बिघडलं, रेडेटर. झोप येत नाही, रेडेटर. केडगावचा एक जण बायकोशी भांडून चार दिवस भावाकडं राहायला गेला होता, त्यालाही आप्पांनी सल्ला दिला, "आदी दोगंबी तांब्या तांब्या पानी प्या, मंग भांडा." गडी दुसऱ्या दिवशी घरी गेला. पाण्यामुळं गेला की भावजयीच्या स्वयंपाकामुळं, ते कळलं नाही, पण आप्पांनी ते आपल्या खात्यावर जमा केलं.

बाटलीतल्या थंड पेयांवर त्यांचा फार राग. कुणी फस्सकन बाटली उघडली की लगेच म्हणायचे, "हवाच भरायची तर पंपावर जावा की. हितं कशाला?"

कंपनीत बिहारकडचा एक वेल्डर नवीन लागला, रामसेवक नावाचा. पहिल्या दिवशी तो गाडीत चढला आणि आप्पांनी पेला पुढं केला. पाण्याला तुळशीचा वास. त्याला वाटलं, रांजणगावच्या गणपतीचं तीर्थ आहे. त्यानं चप्पल काढली, ओंजळीत थोडं घेतलं, डोळ्यांना लावलं, उरलेलं डोक्यावरून फिरवलं आणि हात जोडून मागं जाऊन बसला. आप्पा गाडी थांबवून मागं गेले. "आरं बाबा, पीने का है, पी. डोस्क्याला काय लावतो?" तेव्हापासून रामसेवक दोन पेले प्यायचा, पण पहिल्याला चप्पल काढायचाच.

आता एवढं सगळं असूनही आप्पा समाधानी नव्हते, आणि त्याला कारण आम्ही बायका. गाडीत आम्ही दहाबारा जणी. पेला हातात आला की आम्ही ओठ ओले करायचो, "छान झालंय हं आप्पा" म्हणायचो आणि आप्पांचं लक्ष रस्त्याकडं गेलं की उरलेलं खिडकीतून बाहेर. एकदा मोगऱ्याचं पाणी होतं. मी पेला उपडा केला आणि ते सगळं मोटारसायकलवरून मागून येणाऱ्या आमच्या सुपरवायझरच्या अंगावर. बिचारा दिवसभर लग्नघरासारखा घमघमत फिरत होता. घरी बायकोनं त्याला काय काय विचारलं असेल, ते आम्ही जेवणाच्या सुट्टीत आपसांतच ठरवून टाकलं.

पण आप्पांना ते समजायचं. पुरुषांनी कितीही तारीफ केली तरी त्यांच्या मिशीवर काही उमटायचं नाही. म्हणायचे, "बाप्यांना काय इचारायचं? ती डबक्यातलंबी पित्याल. बायांनी सांगावं. परत प्यावं वाटतंय का न्हाई?" मग पुढच्या आठवड्यात काहीतरी नवीन. पुदिना, जिरं, आवळा, कोकम. आम्ही नाही प्यायलो की दुसऱ्या दिवशी चेहरा पडलेला. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला वाटायचं. संध्याकाळी माठात उरलेलं पाणी ते एका किटलीत काढून घरी न्यायचे. आम्ही हसायचो, की आप्पांची तुळस रोज नवं सरबत पिते.

एप्रिलचे दिवस होते. संध्याकाळी परतताना न्हावऱ्याच्या चौकात गाडी चहासाठी थांबली. पुरुष मंडळी नेहमीप्रमाणं उतरली, कुणी टपरीवर, कुणी बाभळींच्या मागं. आम्ही नेहमीप्रमाणं बसून. पाटसची संगीता माझ्याशेजारी होती, एकविशीतली पोर. बोलता बोलता तिची मान माझ्या खांद्यावर पडली. तोंड पांढरंफटक. आप्पा धावत आले, तिच्या तोंडावर पाणी मारलं, दोन घोट पाजले. तिनं डोळे उघडले तसा आप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"सांगून सांगून जीभ झिजली माजी. येक बाय पानी पीत न्हाई ह्या गाडीत. नखरं निस्तं. वाळा घातला, नगं. कोकम घातलं, नगं. आता काय आमृत आनू व्हय तुमच्यासाटी?"

बाकीच्या जणी खाली बघत बसल्या. मला काही ते जमत नाही.

"आप्पा," मी म्हटलं, "पिऊन जायचं कुठं?"

"कुटं म्हंजी?"

"कुठं म्हणजे, तुमचं बरंय. गाडी थांबली की बाभळ. आम्ही कुठं जायचं? सकाळी घर सोडलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पॅकिंगची लाईन सोडता येत नाही, आणि तिथून पुन्हा घरापर्यंत हा रस्ता. म्हणून पीत नाही आम्ही. चवीचा काही संबंध नाही. तुम्ही उद्या केशर घाला, तरी आम्ही ते खिडकीतूनच ओतणार."

गडबड ऐकून गाडीत परतलेली पुरुष मंडळी अचानक खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागली. आप्पा माझ्याकडं बघत राहिले, मग हातातल्या पेल्याकडं. पेला माठावर ठेवून सीटवर जाऊन बसले आणि गाडी सुरू केली. मला जरा वाईट वाटलं. पण खोटं काय बोलले होते मी?

पूल ओलांडून पारगावात शिरलो आणि आप्पांनी रस्त्याकडेच्या एका घरासमोर गाडी उभी केली. त्यांचंच घर. दौंडला सगळ्यांना सोडून आले की रात्री गाडी तिथंच असायची, पण माणसं भरलेली असताना त्यांनी ती तिथं कधी थांबवली नव्हती. हातात किटली घेऊन ते खाली उतरले आणि माझ्या खिडकीपाशी आले.

"वकिलीणबाई, जरा खाली या."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. उतरले.

"आमच्या हिला जरा इचारा," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "पानी का पीत न्हाई, त्ये. माज्यानं न्हाई इचारवायचं."

मग अंगण ओलांडता ओलांडता त्यांनी सांगितलं. हौसाकाकींचा एक मुतखडा दौंडला ऑपरेशन करून काढला होता. आता दुसरा झालाय. डॉक्टरांनी बजावलंय, पाणी पोटात गेलं नाही तर किडनी हातची जाईल. "तवापास्नं मागं लागलोय. येक घोट घेती आन् तांब्या ठिवून देती. म्हनलं, गाडीतल्या बायांना जे आवडंल, ते हिलाबी आवडंल. म्हून तुमाला पाजत व्हतो आदी."

म्हणजे ती किटली तुळशीसाठी नव्हती. आम्ही खिडकीतून ओतलेला एकेक पेला डोळ्यांसमोर आला.

हौसाकाकी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, तोंड सुकलेलं. गाडीभर माणसं दारात बघून लगबगीनं पदर सारखा करत उठल्या. मी बाजूला नेऊन विचारलं. काकी आधी लाजल्या, मग हसल्या.

"घरात काय सोय हाय का, बाय? पाटंच्या अंदारात नदीकडं जायचं, न्हाईतर रातच्याला. मदी अख्खा दिस. पिऊन करू काय?"

आप्पा मागंच उभे होते. "मंग सांगायचं न्हाई व्हय मला?"

"तुमी रोज किटली फुडं करायचा आन् म्हनायचा, वळख, पान्यात काय हाय," काकी म्हणाल्या. "मी का पीत न्हाई, ह्ये वळखायचं तुमच्याकडं व्हतं."

आप्पांनी किटली ओट्यावर ठेवली. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ऱ्हायलं खरं," आणि गाडीकडं चालू लागले. त्या दिवशी दौंड येईपर्यंत त्यांनी कुणाचाच रेडेटर काढला नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अर्धी गाडी पारगावला हजर. कुणी बोलावलं नव्हतं, पण आप्पांच्या दारात संडासासाठी उतरलेल्या विटा सगळ्यांनी गाडीतून बघितल्या होत्या, आणि खिडकीबाहेरचा ऊस बघणारे सगळे आले होते. खड्डा फिटर लोकांनी खणला, आप्पांच्या मेव्हण्यानं भिंती बांधल्या, पत्र्याचं दार रामसेवकनं जोडलं. आप्पा दिवसभर एकेकाच्या मागं पेला घेऊन फिरत होते. दार बसवून झाल्यावर रामसेवकनं ते आठदहा वेळा उघडून लावून बघितलं आणि आतून कडी नीट लागते का, याची खात्री करून घेतली. कडी किती महत्त्वाची, हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित गावाकडं त्याची बायकोही अंधाराचीच वाट बघत होती, म्हणून असेल.

बांधकाम वाळल्यावर एका सकाळी गाडी पारगावला थांबली. आप्पा सीटवरून न वळता म्हणाले, "बाया, उतरा. हितनं फुडं रोज जाता-येता गाडी हितं थांबंल. कुनी घाई करनार न्हाई." खरंच कुणी केली नाही. पुरुष मंडळी जागेवर बसून राहिली. आम्ही उतरलो. संगीता सगळ्यांत पुढं.

अंगणात नवा माठ मांडलेला होता. हौसाकाकी नवं लुगडं नेसून माठापाशी उभ्या. आम्ही एकेक करून परत आलो तशी त्या प्रत्येकीला पेला भरून देत होत्या, आणि त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा तळापर्यंत प्यायलो. शेवटी काकींनी स्वतःसाठी तांब्या भरला. मान वर करून, चांगल्या लख्ख उजेडात, गटागट प्यायल्या. खाली ठेवला आणि परत भरला.

आप्पा गाडीची काच पुसत होते. काच आधीच स्वच्छ होती. मी त्यांच्याजवळ गेले. पाण्याला कसलाच वास नव्हता, तरी मी मुद्दाम विचारलं.

"आप्पा, आज पाण्यात काय आहे?"

"काय न्हाई. निस्तं पानी हाय." फडकं तोंडावरून फिरवून ते म्हणाले, "तिला पयल्यापास्नं त्येच आवडतंय म्हनं."