गेंदलालभाऊंचा गिलास

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जायचं नाही. आमचे शेजारी गेंदलालभाऊ जेवायला बसले की आधी भात गिलासात दाबून भरतात, गिलास ताटात उपडा करतात, सरळ वर उचलतात आणि खिशातून फुटपट्टी काढून भाताचा ढीग किती खाली बसला ते मापतात. मगच वरण.

भाऊ ओव्हरसियर. सालेकशाच्या नाल्यावर स्वराज्यानंतरचा आमचा पहिला पक्का पूल होऊन राहिला, तिथं. तिथंही हाच खेळ. लोखंडी टोपीत काँक्रीट भरायचं, सळईनं ठोसायचं, टोपी उचलायची. ढीग जितका बसेल तितका त्याचा स्लंप. पाणी जास्त झालं की ढीग शेणाच्या पोसारखा पसरतो, आणि भाऊ सारा माल फेकायला लावतात. थोडं पाणी टाकलं तं हात चालते ना साहेब, असं मजूर विनवतात. भाऊंचं ठरलेलं उत्तर, "आधी किती बसते ते पाहू."

पावसाळ्यात नाल्याचा काठ मोहाच्या झाडासकट खाली बसला. गाव हळहळलं, भाऊ मात्र फुटपट्टी घेऊन धावले. हाही स्लंपच म्हणे, मातीनं पाणी जास्त पिलं. रस्त्याची कड खचली, तोही स्लंप. माझा निकाल लागला तेव्हा माझं तोंड पाहून दोन इंच बसलं म्हणाले!

पण या गिलासापायी भाऊंचं लग्न जमेना. काल बोदलकशाकडे मुलगी पाहायला गेलो, भाऊ, बाबा आणि मी. गिलासाला हात लावायचा नाही, असं बाबांनी वाटेतच बजावलं. मुलीचं नाव यमुना. ती पाणी देऊन गेली आणि भाऊंचे कान लाल झाले, म्हणजे आवडली. जेवायला घरच्या चिन्नोर धानाचा भात. मुलीचा बाप वाढता वाढता त्याचंच कौतुक करत होता.

आणि भाऊंचा हात गेलाच. गिलास उचलला. भात बुरुजासारखा उभा.

"नाही बसला," भाऊ म्हणाले.

बापाच्या हातातला चमचा थांबला. आमच्या धानाले नावं ठेवणारा पावना पहिल्यांदाच पाहिला, म्हणाला. बाबांनी डोळेच मिटले. गेलं हेही स्थळ!

तेवढ्यात दारातून यमुनाच बोलली, "काऊन बसाले पायजे भात?"

भाऊ ताटाकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "मायले दात नाहीत. कडक राहिला का झालं जेवण म्हणते, अन् उपाशीच निजते. मी रोज पाहूनच वाढतो."

यमुना आत गेली. चुलीवर पुन्हा भाताचा गंज चढला. आम्ही तसेच बसून. बऱ्याच वेळानं ती आली, गिलास भरून ताटात उपडा केला, उचलला. भात हळूच खाली बसला.

"आता मापा."

भाऊंचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"मापाले काय हाये. दिसून राहिलं ना."

बाप हसला. निघताना यमुनेनं उरलेला भात पळसाच्या पानात बांधून दिला, बुढीमायसाठी. रेल्वेत भाऊंनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. रात्री भिंतीपलीकडून बुढीमायचा आवाज आला, अजून वाढ म्हणून.

तुमच्यासाठी केला का हो कोणी असा दुसऱ्यांदा भात?