बहिष्काराचे अनुमोदक

सोमवारी दुपारी चारुदत्त लिमये यांनी स्टाफरूममध्ये संघटनेच्या इतिवृत्ताची वही सहज उघडली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी होणाऱ्या बैठकीत आपण काय केलं हे त्यात वाचून त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

‘ठराव क्रमांक चार : गाझातील युद्धाच्या निषेधार्थ इस्रायलमधील संस्था, प्राध्यापक व कलावंत यांच्याशी आपल्या महाविद्यालयाने कोणताही संबंध ठेवू नये. सूचक : वैदेही सुर्वे. अनुमोदक : चारुदत्त लिमये. ठराव सर्वानुमते मंजूर.’

बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं, ही त्या कर्मचारी संघटनेची जुनी पद्धत होती. अकरा वर्षं प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर होत होता आणि प्रत्येकाला अनुमोदन लिमये सरांचंच असायचं, मग थांबायचं कशाला? लिमयांनी स्वतःच एकदा या पद्धतीचं भर सभेत कौतुक केलं होतं. वही घेऊन ते तडक चिटणीस उल्काताईंच्या टेबलाशी गेले.

“उल्काताई, हे काय लिहिलंत? मी या ठरावाच्या विरोधात आहे!”

“असाल हो. पण अनुमोदक तर तुम्हीच असता ना?”

“माझं विरोधाचं भाषण तयार आहे. पाच पानी!”

“मग अनुमोदन दिलंत की करा. कोण नको म्हणतंय?”

“आधी ते नाव खोडा.”

“इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, सर. नि बातमीपण गेली. वार्ताहर रितेशला उद्याच्या पेपरासाठी आजच लागते. तुमचा फोटोसुद्धा दिलाय, चष्म्यातला.”

पुढच्याच आठवड्यात लिमयांच्या मराठी विभागात व्याख्यानाला रिबेकाबाई नागावकर यायच्या होत्या, थेट इस्रायलहून. बाईंचा जन्म मंडणगडजवळच्या एका खेड्यातला. एकोणिसाव्या वर्षी त्या आईबापांबरोबर तिकडे गेल्या, तिथे नर्स झाल्या, आणि निवृत्तीनंतर कोकणातल्या यहुदी बायकांची जात्यावरची मराठी गाणी त्यांनी जमवली. आता वय सत्त्याहत्तर. ‘एकदा माझ्या लोकांसमोर ही गाणी म्हणून दाखवते, मग सुटले,’ असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. त्यांना आणण्यासाठी लिमये दोन वर्षं खपत होते.

मंगळवारी सकाळी पेपर आला. ‘इस्रायलवर बहिष्कार : प्रा. लिमये यांचे अनुमोदन.’ ही बातमी त्यांच्या पत्नीने, नम्रताने, चष्मा पुसून पुन्हा वाचली. “अहो, त्या बाईंसाठी मी माडीवरची खोली झाडून घेतली. आता त्यांना बोलावून बाहेर उभं करणार आहात होय?” आज बैठकीत काय तो निकाल लावायचा, असं ठरवून लिमये पाच पानं खिशात घालून निघाले.

बैठकीत चौथा ठराव आला. वैदेही सुर्वे ही इतिहासाची तरुण प्राध्यापिका उठली. ती पोटतिडकीने बोलत होती आणि निम्मे लोक मोबाइलवर बोटं फिरवत होते. तिचं संपल्यावर अध्यक्ष हरिश्चंद्र मोरे सरांनी सवयीने लिमयांकडे पाहिलं. लिमयांनी मान ठामपणे हलवून नकार दिला.

सभा हादरली. अकरा वर्षांत असं घडलं नव्हतं.

“मग दुसरं कोणी?” मोरे सरांनी विचारलं. जो तो छताचा पंखा न्याहाळू लागला. “कोणी नाही? मग ठराव बारगळला. पुढचा विषय, स्टाफरूमचा फिल्टर.”

लिमये जिंकले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण वैदेही रडवेली होऊन म्हणाली, “निदान विरोधात तरी बोला कोणीतरी! फिल्टरला अर्धा तास देता तुम्ही.” आणि लिमयांच्या भाषणाचं पहिलंच वाक्य होतं, ‘समोरच्याचं ऐकून न घेता दार लावणं हे विद्येच्या घराला शोभत नाही.’ ते वाक्य त्यांना खिशात टोचू लागलं. स्वभाव नडला तो असा.

ते उभे राहिले. “केवळ चर्चा व्हावी म्हणून, फक्त तेवढ्यासाठी, मी या ठरावाला अनुमोदन देतो. आता माझा विरोध असा की—”

पण ‘अनुमोदन’ हा शब्द कानावर पडताच सगळ्यांचे हात आपोआप बाकांवर पडले होते. दणदणाट झाला. “सर्वानुमते मंजूर!” मोरे सर म्हणाले, आणि दारात थांबलेला शिपाई भागोजी वडे घेऊन आत आला.

लिमये उभेच राहिले. वैदेही तर त्यांच्याहून संतापली. “हे काय? मला खरा ठराव हवा होता! चर्चा कुठाय?”

तेवढ्यात लिमयांचा फोन वाजला.

“चारुदत्त, बाळा, मोबाइलवर तिकडच्या पेपरात तुझा फोटो बघितला,” रिबेकाबाई म्हणाल्या. “मला बोलावतोस नि बहिष्कारपण घालतोस?”

“नाही हो मावशी. पेपरात आलं तेव्हा ते खोटं होतं.”

“आणि आता?”

“आत्ताच खरं झालं. पाच मिनिटं झाली.”

“मतं किती पडली?”

“मोजली नाहीत.”

“अरे देवा! तीस वर्षं नर्सांच्या युनियनची सेक्रेटरी होते मी. असा ठराव पास केला असता तर बायकांनी मला खिडकीतून खाली टाकलं असतं. कोणी मांडला? तिला दे फोन.”

वैदेहीने फोन घेतला. “आजी, स्पष्टच सांगते. तुम्ही येऊ नये असं माझं मत आहे. तिथे लेकरं मरतायत. मला झोप लागत नाही. आम्ही लांबची माणसं दुसरं काय करणार?”

“मलाही नाही लागत गो झोप,” बाई म्हणाल्या. “पण माझं तोंड बंद केलंस तर तुला लागेल काय? ठराव परत नीट मांड. मी येते. तू बोल, मी बोलते, मग हात मोजा. हरले तर आल्या पावली परत जाईन, गाणीबिणी काही नाही.”

पुढच्या आठवड्यात सभागृहात खास बैठक भरली. सुती साडी नि पायात स्पोर्ट्स शूज अशा वेशात रिबेकाबाई आल्या आणि मंडणगडच्या बोलीत बोलू लागल्या, तेव्हा अर्ध्या लोकांनी तोंडात बोटं घातली. वैदेही पंधरा मिनिटं बोलली. बाई दहा मिनिटं बोलल्या. सरकारशी भांडायचं तर भांडा, म्हणाल्या, मीही भांडते, पण गाण्यावर कसला राग काढता? लिमयांनीही अखेर आपली पाच पानं वाचली. कोणी मोबाइल काढला नाही.

मोरे सरांना हात मोजायची सवय नव्हती. तीन वेळा मोजून तीन आकडे आले. चौथ्यांदा जुळलं. बहिष्काराच्या बाजूने तेरा, विरुद्ध सोळा. ठराव पडला. तेरा जणांमध्ये उल्काताईंचा हात पाहून लिमयांना धक्काच बसला.

“उल्काताई, तुम्ही?”

“मग? पहिल्यांदाच नीट ऐकलं. वैदेहीचं पटलं.”

लिमयांना त्याचंही वाईट वाटलं नाही, इतका आनंद झाला होता. ते माईककडे धावले. “मित्रहो, आता रिबेकाबाईंचं व्याख्यान!”

खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला. बहिष्काराच्या बाजूचे तत्त्व म्हणून उठले. मागोमाग विरुद्ध बाजूचेही उठले.

“वा, लिमये सर! विचारस्वातंत्र्य वाचवलंत,” मोरे सरांनी त्यांचा हात दाबला.

“अहो पण गाणी? त्यांचीच तर—”

“दीड वाजला हो. घरी सुरमई तळून ठेवलीय. आणि जात्यावरच्या गाण्यातलं मला काय कळतंय?”

पाच मिनिटांत सभागृह रिकामं झालं. लिमये सुन्न होऊन मंचावर उभे होते. सत्त्याहत्तर वर्षांची बाई समुद्र ओलांडून आली होती आणि तिला आता काय तोंड दाखवायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी कशीबशी मान वर केली. पहिल्या रांगेत वैदेही सुर्वे वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसली होती.

“तुम्ही?” लिमये अक्षरशः किंचाळले. “तुम्ही तर बहिष्कार—”

“ठराव पडला ना सर,” वैदेही म्हणाली. “मग ऐकायला नको?”

रिबेकाबाईंनी माईक बाजूला सारला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून पहिली ओवी म्हणायला सुरुवात केली.