मोठ्या काकांचा सल्ला

सायलीला एकाच आठवड्यात दोन लॉ कॉलेजांत जागा मिळाली आणि शेखरला आनंद व्हायच्या आधी शंका आली. एकाच पोरीला दोन-दोन कॉलेजं बोलावतात म्हणजे कॉलेजांतच काहीतरी खोट असणार. त्याचाही इलाज नव्हता. अंबडच्या कारखान्यात चोवीस वर्षं तो माल तपासायच्या कामावर होता. समोर आलेली वस्तू सदोषच आहे असं धरून चालायचं, हीच त्याची भाकरी.

एक कॉलेज नाशिकातलंच, पाथर्डी फाट्यावरच्या घरापासून अर्ध्या तासावर. दुसरं नागपूरचं. नाव मोठं, पण एका रात्रीच्या प्रवासावर, आणि हॉस्टेलात राहायचं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत एक जागा पक्की करायची होती. शेखरच्या मनाने नाशिक धरलं होतं. पोरगी डोळ्यांसमोर राहील, एवढंच त्याचं म्हणणं.

"तुम्ही म्हणाल तसं, पप्पा," सायली म्हणाली. अठरा वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती, त्यामुळे शेखरला तेही खटकलं.

बुधवारी संध्याकाळी गावाकडून, देवळ्याहून फोन आला. थोरला भाऊ, पुंजा. पुंजाने बांधलेली कांदे साठवायची चाळ शेखरच्या हिश्श्यात दोन फूट आली होती, त्यावरून सहा वर्षं कोर्टात केस चालू होती. तारखेला समोरासमोर आले तरी दोघं भाऊ आपापल्या वकिलाशीच बोलत.

"शेखऱ्या, सायलीचा दोन ठिकाणी नंबर लागला म्हणं," पुंजा म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"समजतं रे. माझं ऐक, पोरीला नाशिकलाच ठेव. घरचं जेवण, घरची माणसं. लांब नको धाडू."

फोन ठेवला तेव्हा शेखरच्या मनातलं नाशिक डळमळीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याने सोबतच्या दिनेशला विचारलं. दिनेशचा भाचा नाशिकच्या त्याच कॉलेजात शिकत होता.

"चांगलं आहे कॉलेज," दिनेश म्हणाला. "देवळ्याचे एक वकीलसुद्धा येतात शिकवायला, आठवड्यातून एकदा."

"उंच आहेत? टक्कल? बोलताना पान असतं तोंडात?"

"तेच. ओळखीचे का?"

शेखरने डबा बंद केला. ते पुंजाचे वकील होते. आता सगळं लख्ख दिसलं. उद्या सायली काळा कोट घालून कोर्टात उभी राहणार आणि समोर कोण, तर तिचे सर. सर म्हणतील, खाली बस. ती बसेल. दोन फूट गेले.

घरी येऊन त्याने हे पल्लवीला समजावून सांगितलं.

"अहो, पण नाशिक तर तुम्हीच म्हणत होता," बायको म्हणाली.

"मी म्हणत होतो तेव्हा दादा म्हणत नव्हता."

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याने देवळ्याला फोन लावला. "दादा, नागपूर ठरलं आमचं."

"हां. बरं झालं," पुंजा म्हणाला.

"बरं कसं? काल तर नाशिक म्हणत होतास."

"काल म्हणत होतो. आता ठरलंय तर ठरलंय. हुशार पोर हे, जाऊ दे."

शेखरला जेवण गेलं नाही. सहा वर्षांत दोन फूट न सोडलेला माणूस एका दिवसात अख्खं नाशिक सोडून देतो? म्हणजे त्याला नागपूरच हवं होतं तर. पण मग नाशिक का म्हणाला? शुक्रवारी रजा टाकून त्याने मोटारसायकल काढली आणि थेट देवळा गाठलं. फोनवर तोंड दिसत नाही.

पुंजा चाळीत कांदे निवडत बसला होता. भावाला बघून तो उठला नाही, पण बाजूचं पोतं त्याने झटकून पुढे सरकवलं. वत्सलावहिनी दोन कप चहा घेऊन आल्या. पुंजाने घोट घेईपर्यंत शेखरने कपाला हात लावला नाही.

"पी रे," पुंजा म्हणाला. "एकाच पातेल्यातला हे."

"दादा, खरं सांग. सायलीने कुठं जावं असं तुला वाटतं?"

"मला? कुठंबी जाऊ दे."

"मग फोन कशाला केलास?"

पुंजा हातातला कांदा फिरवत राहिला. शेवटी वत्सलावहिनीच म्हणाल्या, "सांगून टाका आता. मला तर पहिल्यापासून नव्हतं पटलं."

"तिनंच सांगितलं," पुंजा म्हणाला. "मंगळवारी फोन आला तिचा. म्हणं, मोठे काका, मला नागपूरला जायचंय. पप्पा नाय म्हणतील. तुम्ही त्यांना नाशिकचा आग्रह करा, म्हंजी ते आपणहून नागपूर करतील."

शेखरने चहाचा पहिला घोट घेतला. गेले तीन दिवस आपण स्वतःच्या डोक्याने चाललो अशी त्याची समजूत होती. पोरीवर रागवावं असं त्याला वाटलं, पण राग काही जमून येईना.

"आणि तू लगेच ऐकलंस तिचं?"

"सहा वर्षांत तुझ्या घरातून आलेला पहिला फोन तो," पुंजा म्हणाला. "नाय कसं म्हणू?"

शेखरने चहा संपवला. मग हळूच विचारलं, "केसचं काही बोलली?"

"बोलली ना. पाच वर्षं तारखा घेत राहा म्हणं, मग मी बघते."

"कोणाच्या बाजूनं?"

"मी बी तेच विचारलं. तर म्हणती, ते तेव्हाचं तेव्हा ठरवू."

दोघांनी मिळून चाळीच्या त्या दोन फुटांकडे पाहिलं. तेवढ्यात शेखरचा फोन वाजला. सायली होती.

"पप्पा, उद्या पाचपर्यंतच आहे. काय करायचं?"

"नागपूर पक्कं करून टाक."

"आणि मोठे काका? ते काय म्हणाले?"

शेखरने पुंजाकडे पाहिलं. "तो शेवटपर्यंत नाशिकच म्हणत होता. मी नाही ऐकलं त्याचं."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं," सायली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मिनिटभरात पुंजाचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं, ते शेखरला दाखवलं आणि फोन कानापासून थोडा लांब धरला. ऐकू यावं म्हणून शेखर पोत्यावरून सरकून भावाला खेटून बसला.

"मोठे काका, पप्पांना काही कळलं तर नाही ना?"

"छ्या, त्याला कुठलं काय कळतंय," पुंजा म्हणाला, आणि शेखरने त्याला मान हलवून खूण केली, की अजून थोडं बोल.